दुसरी बेल

अठरा वर्षं मी त्याच्या गाडीवर कंडक्टर होतो. एवढ्या वर्षांत त्याने माझं तोंड किती वेळा पाहिलं असेल, तर दर फेरीला निघताना एकदा आणि पोचल्यावर एकदा. मधले सात तास तो पुढे आणि मी मागे. आमच्या दोघांच्या मध्ये पन्नास माणसं, त्यांची गाठोडी, कोंबड्या, रडणारी पोरं, आणि एकदा तर ओकणारा नवरदेव. तो माझ्या ओळखीचा आहे तो पाठमोराच. आजही त्याचा चेहरा आठवायला मला जरा वेळ लागतो, मान मात्र लगेच आठवते. मानेवर उजवीकडे एक तीळ आहे.

आमच्या कामाची भाषा अगदी सोपी. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे नीघ. मागच्या दारापासून पुढपर्यंत एक दोरी जायची आणि तिच्या टोकाला, त्याच्या डोक्यावर, घंटा. कोण चढलं, कोण उतरलं, कुणाचा पाय अजून पायरीवर आहे, हे बघणं माझं काम. तो कधी वळून बघायचा नाही. त्याच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वळणावर मागे कुणाचं तरी मूल किंचाळलं म्हणून त्याने मान वळवली होती आणि तेवढ्यात पुढचं चाक कठड्याला जाऊन टेकलं. कुणाला काही झालं नाही, पण त्या दिवशी त्याने आतला आरसा वर छताकडे फिरवला तो कायमचा. मी त्याच्या गाडीवर पहिल्यांदा चढलो तेव्हा मला म्हणाला, "मागचं तू बघ, पुढचं मी बघतो." अठरा वर्षांत आमच्यात जे काही बोलणं झालं, त्यातलं हे सगळ्यात लांबलचक भाषण.

डेपोत त्याला सगळे घड्याळ म्हणायचे. सहा दहा म्हणजे सहा दहा. वरच्या वस्त्यांमधल्या बायका आमचा हॉर्न ऐकून चुलीवरून दूध उतरवायच्या. रस्ता पूर्ण डोंगराचा, आणि त्यावर थांबे चार. पाचवा नाही. एकदा खुद्द डेपो मॅनेजरची सासू थांब्याच्या दोनशे पावलं अलीकडे छत्री हलवत उभी होती. तिला थांब्यापर्यंत चालत यावं लागलं. मॅनेजरने नंतर त्याला बोलावून घेतलं आणि म्हणे हळूच त्याचा हात हातात घेतला.

त्याची बायको म्हणजे माझी वहिनी. रक्ताचं नातं काही नाही, पण अठरा वर्षं जिच्या हातचा चहा प्यालो तिला आणखी काय म्हणायचं? ती रफूचं काम करायची. गल्लीच्या शेवटी दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यातल्या पुढच्या खोलीत खिडकीला लागून तिचं टेबल आणि त्यावर मान वाकवता येणारा दिवा. सिगारेटने जळलेली पँट असो, कसरीने खाल्लेला कोट असो, ती आतल्या शिवणीतून त्याच कापडाचा एक धागा ओढून काढायची आणि भोक असं भरायची की मालकालाच ते शोधावं लागे. लाँड्रीवाला दर सोमवारी गठ्ठा आणून द्यायचा आणि दर शनिवारी घेऊन जायचा. एक मुलगी, ती लग्न होऊन लांब गेलेली. नवरा तीन दिवसांतले दोन दिवस डोंगरात.

वहिनीची त्याच्याबद्दल एकच गमतीची तक्रार होती. म्हणायची, "भावजी, सगळ्या जगाला हे वेळेवर पोचवतात. डेपोपासून घर अकरा मिनिटांवर आहे, मी चालून पाहिलंय. हे येतात तेराव्या मिनिटाला. दर वेळी दोन मिनिटं उशीर. कधी एक नाही, कधी तीन नाही." मी त्याला चिडवायचो की वाटेत कुणी ठेवली आहेस का रे. तो नुसता घसा खाकरायचा.

त्याच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत वहिनी आमच्या गाडीने वर आली ती एकदाच. सगळा वेळ काचेला नाक लावून बसली होती. तिसऱ्या थांब्याच्या खाली एक मोठं वळण आहे, तिथे डोंगर अचानक बाजूला होतो आणि खालचं अख्खं खोरं दिसतं, नदी, शेतं, पूल, सगळं. ती मला म्हणाली, भावजी, एकच मिनिट थांबवता का. मी दोरी एकदा ओढली. त्याने वेग कमी केला, इथे थांबा नाही हे ओळखलं, आणि गाडी पुढे काढली. माझी बेल त्याने मोडली ती तेवढीच. पुढचा सगळा रस्ता वहिनी काचेऐवजी आपल्या हाताकडे बघत बसली होती, हे मी पाहिलं. मागचं बघणं माझं काम होतं ना.

मग तो रिटायर झाला.

रिटायर झालेल्या माणसाने काय करायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. साडेचारला उठायचा, दाढी करायचा, बुटांना पॉलिश करायचा, आणि खिडकीकडे तोंड केलेल्या खुर्चीत जाऊन बसायचा. वहिनीचं टेबल त्याच्या पाठीमागे आलं होतं, कारण खिडकीची जागा आता त्याच्या खुर्चीने घेतली होती. ती विचारायची, पडदे निळे घेऊ की हिरवे? तो म्हणायचा, चालेल. ती विचारायची, चालेल म्हणजे कुठले? तो म्हणायचा, हं. असे सहा महिने गेले. मी एकदा भेटायला गेलो तेव्हा तो खाली दळण आणायला गेला होता. वहिनी सुईत दोरा ओवता ओवता मला म्हणाली की आधी तीन दिवसांतले दोन दिवस मी एकटी असायचे आणि तिसऱ्या दिवसाची वाट बघायचे. आता तिन्ही दिवस एकटी आहे आणि वाट बघायला कुणी नाही. रडत वगैरे नव्हती. हिशेबाची चूक दाखवावी तसं सरळ सांगत होती. मला मात्र त्यानंतर चहा गोड लागला नाही.

तिच्या थोरल्या बहिणीचं दोन तासांवरच्या गावात लोकरीचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून ती एकटीच असते, दुकानाच्या वरची खोली रिकामी आहे आणि ती कधीची ये ये म्हणत होती. एके दिवशी सकाळी वहिनीने त्याच्या खुर्चीसमोर येऊन उभं राहून सांगितलं, "आठ दिवस मला तुमच्या रस्त्याने फिरवा. मी म्हणेन तिथे थांबायचं. परत आलो की सांगते, इथे राहायचं की ताईकडे जायचं."

त्याने बराच विचार केला आणि विचारलं, "किती वाजता निघायचं?"

त्याच दिवशी तो माझ्या घरी आला. अठरा वर्षांत पहिल्यांदा. दारातच उभं राहून त्याने मला जे विचारलं ते ऐकून मला आधी हसू फुटलं आणि मग फुटलेलं हसू कुठे ठेवावं कळेना. त्याने विचारलं, "मागे माणसं काय बोलतात रे? नवरा-बायको?"

मी ऐकलं होतं ना सगळं. अठरा वर्षं मी नवरा-बायकोच्या बाकांमधून तिकिटं फाडत फिरलो होतो. मी म्हटलं, विशेष काही नाही रे. गुडघे, नातेवाईक, कोण मेलं, कुणाचं जमलं. बाहेर शेळी दिसली की शेळी दिसली म्हणायचं. त्याने विचारलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. तो मान हलवून गेला. चौकशीच्या खिडकीवर उत्तर मिळाल्यासारखा गेला.

प्रवासात काय झालं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दोन्हींची शिवण मी जुळवली आहे, कुठे उसवली असेल तर दोष माझा.

गाडी त्याने डेपोतल्या मेकॅनिककडून घेतली होती, जुनी, पण इंजिन ठणठणीत. एकच खोड, मागचं डावं दार एका आपटण्यात बसायचं नाही, दोनदा आपटावं लागे. निघायच्या दिवशी वहिनी खाली आली तर ड्रायव्हरशेजारच्या सीटवर पाण्याचा कॅन, हत्यारांची पेटी, जॅक आणि घडी केलेलं ब्लँकेट. मुद्दाम नव्हतं केलेलं. एकतीस वर्षं त्याच्या शेजारी माणूस बसलाच नव्हता, त्यामुळे ती जागा माणसाची असते हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. वहिनी मागचं दार उघडून मागे बसली. धप, धप. या गाडीतलाही आरसा त्याने केव्हाच छताकडे फिरवला होता.

पहिल्या तासाभरातच वहिनीने काचेवर अंगठी वाजवली, टक. त्याचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. रस्त्याकडेला दगडी कुंपण होतं आणि त्यावर ओळीने सात मांजरं ऊन खात बसली होती. थांबा नव्हता काही, नुसती मांजरं. ती उतरली, मांजरांपाशी पाच मिनिटं उभी राहिली, परत येऊन बसली आणि दोनदा वाजवली, टक टक. तो निघाला. दोघांनाही ही पद्धत फार सोयीची वाटली, कारण त्यात कुणाला बोलावं लागत नव्हतं. वहिनीने मला हे हसत सांगितलं होतं, म्हणाली, भावजी, तुमची नोकरी मीच केली. दुसऱ्या दिवशीपर्यंत तिने ती निघायची टकटकही सोडून दिली, कारण दार दोनदा आपटलं की तो तीच डबल बेल समजून गाडी काढायचा.

मग ती मनाला येईल तिथे थांबवत गेली. बंद पडलेला पेट्रोल पंप, त्याच्या समोर अजून दोन खुर्च्या मांडलेल्या. ओढ्यावर घोंगड्या धुणाऱ्या बाया. एका घराचं नुसतं दार, कारण ते पिवळं होतं. ती उतरायची, बघायची, बायांशी बोलायची, पाण्यात पाय बुडवायची. आणि तो? तो गाडीतच. इंजिन चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. थांबा म्हणजे उतारूंनी उतरायचं, ड्रायव्हरने नव्हे. पिवळ्या दाराशी उभी राहून ती त्याला हाक मारणार होती, पण काचेतून त्याची मान दिसली आणि हाक तिथेच राहिली. इतक्या ठिकाणी थांबले आणि सगळीकडे मी एकटीच गेले, असं ती म्हणाली.

चौथ्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, एका टपरीपाशी तो इंजिन बंद करून खाली उतरला. तिच्या शेजारी बाकावर बसला. दोघांनी उकडलेली अंडी खाल्ली. त्याने तिला स्वतःहून मिठाची पुडी दिली. समोरच्या चढावर एक काळं जनावर चरत होतं. तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "शेळी."

वहिनी म्हणाली, "बोकड आहे तो." आणि हसली. तोही हसला म्हणे. त्याच्या हसण्यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला, पण दोघांनीही सांगितलं म्हणजे खरंच असणार.

त्या रात्री त्याने ठरवलं की बोलायचं. काय बोलायचं ते त्याने मनात एकामागून एक लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. तोंड समोर असलं, हातात स्टिअरिंग असलं, तर जमेल असं त्याला वाटलं. डोळ्यात बघून जमणार नव्हतं. पाचवा दिवस धीर गोळा करण्यात गेला.

सहाव्या दिवशी दुपारी ते त्या वळणावर पोचले. तेच, तिसऱ्या थांब्याखालचं. वहिनीने काच वाजवली आणि या वेळी तो थांबला. थांबा नसताना, वळणावर, कठड्याला खेटून त्याने गाडी उभी केली. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा गुन्हा असेल. ती उतरून कठड्यापाशी गेली. खोरं तसंच होतं, फक्त पूल एक वाढला होता. दूरचं नीट दिसेना म्हणून ती चष्मा घ्यायला परत आली. मागचं दार उघडलं, सीटवरच्या पिशवीतून चष्मा काढला, शाल आत टाकली, आणि दार लावलं. धप. बसलं नाही. धप.

दोन झाल्या. तो निघाला.

आणि निघाल्या निघाल्या बोलायला लागला.

तो काय बोलला ते मला शब्दन् शब्द माहीत आहे, कारण ते त्याने आयुष्यात दोनदाच उच्चारलं आणि दुसऱ्यांदा माझ्यासमोर. तो म्हणाला की रस्त्यावर काही दिसलं की मला वाटायचं तुला सांगावं. नळातून लोंबणारा बर्फ, रस्ता अडवून बसलेली गाय, कठड्यावर विसरलेलं कुणाचं तरी पायताण. घरी पोचेपर्यंत ते फार लहान वाटायला लागायचं, मग नाही सांगितलं. एकतीस वर्षांचं साठलंय. म्हणाला की डेपोतून आलो की मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचो. वर खिडकीत तुझा दिवा असायचा, आणि दिव्यात तुझे हात. ते दोन मिनिटं बघायचो आणि मग वर यायचो. जिना चढून आलो की ते हात दिसायचे नाहीत, कारण तू उठून पाणी आणायला गेलेली असायचीस. आणि शेवटी म्हणाला, "ताईकडे जाऊ नकोस. मला एकट्याला घरात कसं राहतात ते येत नाही."

मागून काही उत्तर आलं नाही.

त्याने वाट बघितली. एक वळण गेलं, दोन गेली. उत्तर नाही. त्याला वाटलं, हेच उत्तर. गप्प बसणं म्हणजे काय असतं हे त्याला तरी कुणी शिकवायला नको होतं. पन्नास मिनिटं तो तसाच खाली उतरत राहिला, बायकोने नाही म्हटलंय असं समजून, आणि मला म्हणाला की त्या पन्नास मिनिटांत मला तिचा जराही राग आला नाही. पायथ्याशी पहिल्या दुकानापाशी त्याने गाडी थांबवली, चहा घेशील का म्हणून विचारलं, आणि मग नोकरीच्या पहिल्या वर्षानंतर जे कधी केलं नव्हतं ते केलं. वळून मागे बघितलं. सीटवर शाल होती.

वर जाताना त्याने किती वेगाने गाडी चालवली ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

वहिनी कठड्यावर बसली होती. आधी तिला वाटलं गाडी वळवायला गेले. मग वाटलं थट्टा करतात, पण थट्टा आणि हे? एक ट्रकवाला थांबला, बाई एकट्याच कशा म्हणाला, तर तिने सांगितलं की नवरा येतोय. चष्मा होताच, तिने खोरं पोटभर बघून घेतलं. दीड तासाने तो आला. उतरला, तिच्यासमोर उभा राहिला. कपाळावरून घामाच्या धारा.

तिने विचारलं, "तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

"बोलत होतो."

"कुणाशी?"

"तुझ्याशी."

वहिनी हसायला लागली. हसता हसता डोळे भरले, ते तिने शालीने पुसले, कारण शाल तो हातात घेऊन आला होता. मग तिने विचारलं, "काय बोलत होतात?" तिचा आवाज फार हळू होता म्हणे. आणि तो समोर उभा होता, हातात स्टिअरिंग नव्हतं, आणि ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती.

"काही नाही," तो म्हणाला. "रस्त्याचं."

मग त्याने शेजारच्या सीटवरचा कॅन, पेटी, जॅक, ब्लँकेट, सगळं उचलून मागे टाकलं आणि पुढचं दार तिच्यासाठी उघडून धरलं. ती पुढे बसली. उरलेले दोन दिवस ती पुढेच बसली, पण तिने काच वाजवली नाही आणि ते कुठेच थांबले नाहीत.

ते परत आल्यावर आठवड्याभराने मी माझा युनिफॉर्मचा कोपराशी फाटलेला कोट घेऊन गेलो. तो खाली पडद्याची कडी आणायला गेला होता. हिरवे पडदे शेवटी तिनेच आणले होते. वहिनीने कोट मांडीवर घेतला आणि वळणावरची सगळी हकीकत मला सांगितली. मी म्हटलं, घाबरल्या असाल. ती बराच वेळ टाके घालत राहिली. मग म्हणाली, "तेच तर सांगते भावजी. घाबरले नाही. राग पण आला नाही. मी त्या कठड्यावर एकटी बसले होते आणि मला काही वेगळं वाटलंच नाही. घरात बसल्यासारखं वाटलं." दात लावून दोरा तोडला आणि कोट माझ्या हातात दिला. "रविवारी जाणार ताईकडे. त्यांनाच सोडायला सांगितलंय."

मी जिना उतरलो तेव्हा तो गल्लीच्या तोंडाशी उभा होता, हातात कडीची पुडी, नजर वर खिडकीत. मी त्याला धरूनच डेपोच्या कँटीनला नेलं. तिथे त्याने मला ते सगळं सांगितलं, बर्फाचं, गाईचं, दोन मिनिटांचं. मी त्याच्यावर इतका भडकलो की शेजारच्या टेबलावरचे मेकॅनिक उठून गेले. मी म्हटलं, माठा, हे तिला सांग. आत्ता जाऊन सांग. तो म्हणाला, सांगितलं की एकदा. मी म्हटलं, तू रिकाम्या सीटला सांगितलंस. तुला जमत नसेल तर मी सांगतो, हा निघालो.

त्याने माझं मनगट धरलं. "नको. मागचं तू खूप बघितलंस. हे पुढचं आहे."

मी बसलो. आजही मला समजत नाही की मी का बसलो. अठरा वर्षांची सवय, दुसरं काय.

रविवारी त्याने तिच्या दोन बॅगा, टेबलावरचा दिवा आणि दोऱ्यांचा डबा मागच्या सीटवर ठेवला. ती पुढे बसली. दोन तासांचा सपाट रस्ता. तोंड समोर, हातात स्टिअरिंग, आणि ती शेजारी. याहून चांगली संधी देवानेही दिली नसती. त्याने दोन वेळा घसा खाकरला. एकदा ती म्हणाली, काय? तो म्हणाला, धूळ.

बहिणीच्या दुकानासमोर त्याने सामान उतरवून आत नेलं आणि परत येऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसला. वहिनी पिशवी घ्यायला गाडीपाशी आली, पिशवी घेतली आणि पुढचं दार लावलं. त्या दाराला मागच्यासारखी खोड नव्हती, नव्यासारखं होतं. धप. एकदाच.

ती आत गेली. तो तिथेच. इंजिन चालू, हात स्टिअरिंगवर. दुकानात आलेल्या दोन बायका लोकर घेऊन गेल्या तरी तो तिथेच. बहिणीने काचेतून तीनदा बघितलं. अर्ध्या तासाने वहिनी बाहेर आली आणि खिडकीपाशी वाकून विचारलं, अजून गेला नाहीत?

"दुसरी नाही वाजली," तो म्हणाला.

वहिनी तिथेच उभी राहिली. पुढचंही त्याने सगळं सांगितलं. तिने गाडीच्या छतावर हात ठेवला आणि वाट बघितली. चांगला वेळ दिला तिने त्याला, मोठ्या थांब्यावर गाडीला मिळतो तेवढा. एकदा म्हणाली, "बोला ना." त्याने तोंड उघडलं. समोर रस्ता होता, रस्त्यावर काही नव्हतं, शेळीसुद्धा नव्हती. त्याने तोंड मिटलं.

मग तिने छतावर अंगठी वाजवली. टक.

त्याच संध्याकाळी तो डेपोत आला आणि माझी गाडी लागेपर्यंत बाकावर बसून राहिला. मी फेरी संपवून उतरलो तेव्हा हे सगळं त्याने मला सांगितलं, मधे एकदाही न थांबता. त्याला एवढं बोलता येतं हे मला आता दुसऱ्यांदा कळत होतं आणि दोन्ही वेळा ऐकणारा मीच, याचं मला इतकं वाईट वाटलं की माझ्याच्याने त्याच्याकडे बघवेना. त्याची गाडी फाटकाशी उभी होती. आतला आरसा छताकडे नव्हता. खाली केलेला होता, नीट, मागची काच दिसेल असा.

मी विचारलं, "निघताना बघितलंस मागे?"

"बघितलं. उभी होती. पार वळणापर्यंत उभी होती."

"मग थांबवायची ना रे गाडी."

त्याने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत इतका वेळ त्याने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"कशी थांबवू," तो म्हणाला. "दोन झाल्या होत्या."